‘अजून आतून येऊ दे’ म्हणजे नटाने नेमकं काय करायचं?

पत्र :

ताई, आमच्या कॉलेजची एकांकिका बसवतोय. बापलेकीची गोष्ट आहे. मुलगी पहाटेच्या गाडीने घर सोडून निघाली आहे. वडील तिला जा म्हणत नाहीत आणि थांबही म्हणत नाहीत. वाचनाच्या वेळी सगळे रडले होते. उभं करायला घेतलं आणि सगळं मेलं. वडिलांचं काम करणारा एम.ए.चा आहे, माझ्याहून मोठा. प्रत्येक हालचालीला विचारतो, ‘मी का उठतोय?’ मला वाटतं, मुद्दाम करतो. मुलीचं काम करणारी पहिल्या आठवड्यात कमाल करत होती. आता तीच वाक्यं तशीच म्हणते, पण काही पोचत नाही. शेजाऱ्याचं काम करणाऱ्याचं पाठांतर अजून कच्चंच आहे. मी सांगून थकलो की अजून आतून येऊ दे. करून दाखवलं की माझी नक्कल करतात, आणि ती वाईट दिसते. आमचे एक सर म्हणाले, आधी तू अभिनयाची कार्यशाळा कर. पण मला नट व्हायचंच नाही. मला चित्र दिसतं, लाइट कळतात, संगीत कळतं. नटांनी त्यांचं काम करावं, मी माझं. दिग्दर्शकाला अभिनय यायलाच हवा का? स्पर्धेची प्राथमिक फेरी तीन आठवड्यांवर आली आहे.

– वैतागलेला दिग्दर्शक

उत्तर :

प्रिय वैतागलेल्या,

अरे-तुरे करते आहे, तालमीच्या हॉलमधली सवय. तुला चांगला अभिनय करता आला नाही तरी चालेल. मी पाहिलेले दोन-तीन उत्तम दिग्दर्शक रंगमंचावर उभे राहिले की ओंडका वाटायचे. पण नट तिथे उभा असताना त्याच्या डोक्यात काय चाललेलं असतं, हे मात्र तुला कळायला हवं. तुझ्या पत्रात चार तक्रारी आहेत आणि चारही त्या एका न कळण्यातून आलेल्या आहेत.

तू हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून बसतोस. तुला बाप दिसतो, लेक दिसते, दोघांच्या मधे ठेवलेली तिची पिशवी दिसते. बापाचं काम करणाऱ्याला यातलं काहीच तसं दिसत नाही. त्याला पुढचं वाक्य आठवायचं असतं, तिचा क्यू, म्हणजे ज्या शब्दानंतर आपण बोलायचं तो शब्द, ऐकायचा असतो, चष्मा कुठल्या खिशात आहे हे लक्षात ठेवायचं असतं. लाइटमध्ये राहायचं, तिला झाकायचं नाही, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा आणि हे सगळं करताना आपण एका लहान खोलीत पहाटे चार वाजता बसलो आहोत असं वागायचं. त्यात तू मागून ओरडतोस, ‘दुःख कमी पडतंय!’ मग तो काय करतो? स्वतःकडे बघायला लागतो. आपला चेहरा पुरेसा दुःखी आहे का, आवाज पुरेसा जड झालाय का, हे तपासतो. त्या क्षणी त्याचं समोरच्या मुलीवरचं लक्ष उडतं आणि प्रेक्षकांना दुःखी बापाऐवजी दुःखी दिसण्याची खटपट करणारा नट दिसतो. तू आणखी जोराने ओरडतोस, तो आणखी खटपट करतो. वाचनाला आलेलं पाणी असं आटलं. वाचताना कुणालाच काही दाखवायचं नव्हतं, सगळे फक्त ऐकत होते.

आपल्याकडे ही गोष्ट फार जुनी आहे. नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरताने अभिनयाचे चार प्रकार सांगितले : आंगिक (शरीराचा), वाचिक (बोलण्याचा), आहार्य (वेशभूषेचा) आणि सात्त्विक (मनातून उमटणारा). अश्रू, रोमांच, स्वरभंग, कंप हे सात्त्विकात येतात, आणि सत्त्व मनाच्या एकाग्रतेतून निपजतं असं तो म्हणतो. म्हणजे ‘रड’ असा हुकूम सोडून अश्रू येत नाहीत. मन कशावर तरी पूर्ण लागलं की ते येतात, किंवा येत नाहीत, आणि दोन्ही चालतं. दिग्दर्शकाच्या हातात एवढंच असतं की नटाचं मन लागेल असं काहीतरी त्याला करायला द्यावं.

करायला म्हणजे क्रियापद द्यावं. बापाला ‘दुःखी हो’ म्हणू नकोस. त्याला सांग : तिने ती पिशवी उचलू नये यासाठी काय वाट्टेल ते कर, फक्त ‘थांब’ म्हणायचं नाही. मग तो चहा पुढे करेल, गाडीची वेळ चुकीची सांगेल, पिशवीची चेन बिघडली आहे म्हणून ती दुरुस्त करत बसेल. यातलं प्रत्येक काम तो खरोखर करू शकतो. झालं की नाही हे त्याला तिच्याकडे बघून कळतं, तुझ्याकडे बघून नाही. आणि प्रेक्षक? चेनशी झटणारा बाप पाहून त्यांच्या पोटात तुटेल. दुःख तिथे आपोआप असेल, कुणी दाखवत नसतानाही.

आपली भाषा या बाबतीत श्रीमंत आहे, तिचा फायदा घे. संहितेच्या समासात ‘राग’, ‘हताशा’, ‘वात्सल्य’ अशी नामं लिहिली असतील (असतीलच!) तर खोडून टाक. त्याऐवजी लिही : चुचकारतो, डिवचतो, शरमवतो, घोळात घेतो, झिडकारतो, विनवतो, वेळ काढतो, टोमणा मारून मोजतो की कितपत लागलं. ‘रागाने बोल’ म्हटलं की नव्वद टक्के नट आवाज चढवतात. ‘तिला शरमव’ म्हटलं की एखादा आवाज खाली आणेल, आणि तुझ्या डोक्यातही नव्हतं असं काही तुला बघायला मिळेल.

आता त्या एम.ए.वाल्याबद्दल. तो मुद्दाम करत नाही. निदान सुरुवातीला तरी करत नव्हता. तू त्याला डाव्या कोपऱ्यात पाठवतोस कारण तिथे तुझा निळा लाइट आहे. त्याला निळा लाइट दिसत नाही. तो खुर्चीत बसलेला माणूस आहे आणि बसलेला माणूस कारणाशिवाय उठत नाही. कारण नसताना उठायला लावलं की त्याचे पाय खोटे पडतात. ते खोटेपण त्याला तुझ्या आधी जाणवतं, म्हणून तो विचारतो. तुझ्यासमोर दोन प्रामाणिक वाटा आहेत. कारण माहीत असेल तर सांग : खिडकीतून रिक्षा आली का ते बघायला उठतोस. माहीत नसेल तर तेही सांग : लाइट तिथे आहे, मला तू तिथे हवा आहेस, कारण तू शोध. चांगल्या नटाला या दुसऱ्या वाक्याचा राग येत नाही, उलट आवडतं. दिलेल्या हालचालीला कारण शोधणं हाच त्याचा धंदा आहे. त्याला राग येतो तो ‘मी सांगतोय म्हणून’चा.

तू म्हणशील, हे सगळं नटांचे लाड झाले. मग तुला एका मोठ्या माणसाची गोष्ट सांगते. १८९० मध्ये मायनिंगेन या जर्मन संस्थानाची नाटक कंपनी मॉस्कोत आली होती. तिचा दिग्दर्शक क्रोनेक याची शिस्त पाहून तरुण रशियन नट-दिग्दर्शक स्तानिस्लावस्की भारावून गेला आणि आपल्या नटांवर तसाच अंमल गाजवू लागला. १८९८ मध्ये मॉस्को आर्ट थिएटरने चेखवचं ‘सीगल’ हे नाटक केलं, तेव्हा त्याने दूर खारकोव्हकडे बसून आख्खा आराखडा कागदावर उतरवला. कोण कुठे बसणार, कधी थांबणार, मागे कुठला आवाज येणार, सगळं. तो आराखडा तो मॉस्कोला पाठवायचा आणि त्याचा सहकारी नेमिरोविच-दान्चेन्को त्याबरहुकूम तालमी घ्यायचा. प्रयोग गाजला. म्हणजे तुझी पद्धत चालतच नाही असं नाही, हेही नोंदवून ठेव.

पण स्तानिस्लावस्की नटही होता. १९०६ च्या उन्हाळ्यात फिनलंडमध्ये सुट्टीवर असताना त्याच्या ध्यानात आलं की आपण वर्षानुवर्षं करत असलेल्या भूमिकांतून जीव निघून गेलाय. इब्सेनच्या ‘अॅन एनिमी ऑफ द पीपल’ या नाटकातली डॉक्टर स्टॉकमनची त्याची भूमिका लोकांना अतिशय आवडायची. एके काळी आतून सुचलेल्या लकबी तशाच राहिल्या होत्या, पण त्या ज्यातून सुचल्या ते नाहीसं झालं होतं. त्याच्या ज्या अभिनयपद्धतीला पुढे जगभर ‘सिस्टिम’ म्हणू लागले, तिची सुरुवात या अस्वस्थतेतून झाली. मला यातली गंमत अशी वाटते की खुर्चीत बसलेल्या दिग्दर्शकाला काही खटकत नव्हतं, टाळ्याही पडत होत्या. खटकलं ते आतल्या नटाला. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत तर तो तालमीची सुरुवातच वेगळी करू लागला. टेबलाभोवती महिनोन्महिने चर्चा नको, आधी वाक्यं पाठही करू नका, प्रसंगात तुम्हाला काय करायचंय ते उठून करून बघा. आराखडा पाठवणारा माणूस तिथे येऊन पोचला, आणि वाटेत त्याला चाळीस वर्षं लागली.

स्टॉकमनला जे झालं तेच तुझ्या नायिकेला झालंय. पहिल्या आठवड्यात तिने ‘येते मी’ हे वाक्य एकदा असं म्हटलं असणार की हॉल गप्प झाला. आणि तू धावत जाऊन म्हणाला असशील, ‘अस्संच! उद्यापण अस्संच म्हण!’ त्या दिवसापासून ती ते वाक्य म्हणत नाहीये, त्या वाक्याची आठवण म्हणते आहे. त्या दिवशी काय घडलं होतं ते आठव. कदाचित बाप नेहमीपेक्षा जास्त वेळ गप्प राहिला होता आणि तिला खरंच कळत नव्हतं की आता तो काही बोलणार की नाही. म्हणून उद्या तिच्या सुराबद्दल चकार शब्द काढू नकोस. बापाला बाजूला घेऊन सांग की आज पिशवी लपव, किंवा तिच्याकडे पाठ करून बस, किंवा मधेच तिला पैसे मोजून दे. तिला सांगू नकोस. तिला पुन्हा ऐकावं लागेल, बघावं लागेल, आणि वाक्य आपली वाट शोधेल. मात्र मारहाण, अंगचटीला येणं, असलं काही अचानक नको. त्या गोष्टी दोघांच्या संमतीने आणि आधी ठरवूनच.

यावरून एक गोष्ट जरा जोर देऊन सांगते, कारण कॉलेजच्या तालमींत हा प्रकार फार बोकाळला आहे. अडलं की दिग्दर्शक मुलीला म्हणतो, ‘तुझे स्वतःचे बाबा आठव, ते गेले असं समज.’ करू नकोस. स्वतःची जुनी भावना उकरून काढण्याचं तंत्र अस्तित्वात आहे, आणि न्यूयॉर्कच्या ग्रुप थिएटर या नाटक कंपनीत दिग्दर्शक ली स्ट्रासबर्ग त्यावर फार भर देत असे. तिथल्याच नटी स्टेला ॲडलर हिला त्याचा जाच होऊ लागला. १९३४ मध्ये ती पॅरिसला जाऊन थेट स्तानिस्लावस्कीकडे काही आठवडे शिकली आणि परत येऊन तिने सांगितलं की खरा भर प्रसंगाच्या परिस्थितीवर, कृतीवर आणि कल्पनाशक्तीवर हवा. त्यावरून दोघांचं जे बिनसलं ते बिनसलंच. तो वाद अजून मिटलेला नाही आणि तो तुला मिटवायचाही नाही. पण जे लोक ते तंत्र शिकवतात तेसुद्धा वर्षानुवर्षांच्या सरावानंतर, सांभाळून वापरतात. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या घरात काय चाललंय हे तुला माहीत नाही. उघडलेलं बंद कसं करायचं हे तर तुला मुळीच माहीत नाही. शिवाय कलेच्या दृष्टीनेही तो तोटाच आहे. ती स्वतःच्या बाबांकडे बघायला लागली की समोर बसलेला बाप तिला दिसेनासा होतो.

शेजाऱ्याच्या पाठांतराचं थोडक्यात. काही नटांना वाक्यं कागदावरून चढत नाहीत, हातापायांतून चढतात. त्याला हालचाली आणि हातात वस्तू लवकर दे. पेपर, दुधाची पिशवी, काहीही. वाक्य वस्तूला चिकटतं. तरीही पाठ झालं नाही, तर मग तो आळशी आहे आणि त्याचा उपाय वेगळा.

करून दाखवण्याबद्दल मात्र मी बाकीच्या मास्तरांइतकी कडक नाही. फार्समध्ये दार कोणत्या शब्दावर आपटायचं हे सांगून कळत नाही, करून दाखवावंच लागतं. लोकनाट्यात आणि संगीत नाटकात माणसं गुरूचं बघून, तसंच करूनच तयार होत आली आहेत, आणि त्यांना कुणी नकलाकार म्हणत नाही. तिथे नक्कल ही सुरुवात असते आणि पुढे बरीच वर्षं मिळतात. तुझ्याकडे तीन आठवडे आहेत, आणि नाटक आहे वास्तववादी. लय दाखव, वेग दाखव, वस्तू कशी उचलायची ते दाखव. भावना दाखवू नकोस. तू बापाचं दुःख करून दाखवलंस की त्याच्यापुढे एक तयार उत्तर ठेवतोस, तेही तुझ्या शरीरात बसणारं, त्याच्या नाही. तू सडपातळ आणि चपळ, तो आडवा आणि संथ, असं असेल तर नक्कल विनोदीच दिसणार.

मग सरांचं ऐकायचं का? ऐक. कार्यशाळा कर, पण त्याहून उपयोगाचं म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी नाटकात चार वाक्यांचं काम कर. मोठं काम नको, त्यात माणूस स्वतःच्या प्रेमात पडतो. विंगेत चाळीस मिनिटं थांबायचं, घसा कोरडा पडलेला, मग आत जाऊन चार वाक्यं बोलायची आणि दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाने सांगितलेल्या सूचना ऐकायच्या. यातली कुठली सूचना आपल्याला वापरता आली आणि कुठली नुसती टोचत राहिली, हे वहीत लिहून ठेव. तेवढी वही तुला पुष्कळ दिवस पुरेल.

आपल्या रंगभूमीवर हे काही नवल नाही. १९६० मध्ये रंगायन ही नाट्यसंस्था उभी करणाऱ्या विजयाबाई मेहता स्वतः नटी. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ बसवणारे अरविंद देशपांडे स्वतः नट. त्या नाटकाची नायिका बेणारे हिचं ते शेवटचं मोठं स्वगत तेंडुलकरांनी आधी लिहिलंच नव्हतं, देशपांड्यांनी हट्ट धरून लिहून घेतलं, ही हकिगत नाटकवाल्यांत कितीदा तरी सांगितली जाते. मी ती ऐकते तेव्हा मला त्यातला नट दिसतो. सगळ्या अंकांत आरोप झेलत बसलेल्या बाईला कुठेतरी तोंड उघडायला जागा हवी, हे टेबलावरून सुचणं कठीण आहे. उलट दिशेचं उदाहरणही आहे. सत्तरच्या दशकात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अभिनयाच्या विद्यार्थ्यांनी संप केला होता, नसीरुद्दीन शाह त्यांच्यात होते. तक्रार अशी की दिग्दर्शनाचे विद्यार्थी आपल्या चित्रपटांत आम्हाला घेतच नाहीत. एकाच आवारात राहणाऱ्या, एकाच चहावाल्याकडे उभ्या राहणाऱ्या मुलांची ही गत.

एक धोकाही सांगून ठेवते, कारण तू उत्साही दिसतोस. अर्धवट तंत्र शिकलेला दिग्दर्शक न शिकलेल्यापेक्षा जास्त त्रास देतो. तो प्रत्येक वाक्याचा हेतू विचारतो, सबटेक्स्टवर, म्हणजे शब्दांमागच्या न बोललेल्या अर्थावर, तासभर बोलतो, आणि नट बिचारा ‘मी दरवाजा उघडू का?’ एवढंच विचारायला थांबलेला असतो. ज्याचं नीट चाललंय त्याला काहीही सांगायचं नाही. सूचना दिल्या नाहीत म्हणजे आपण काम केलं नाही असं वाटू देऊ नकोस. आणि प्रत्येकाला एकच औषधही देऊ नकोस. तुझा एम.ए.वाला आतून कारण मिळाल्याशिवाय हलणार नाही. दुसरा कुणी असेल ज्याला आधी बापाची चप्पल घालून चालू दिलं की अर्धा बाप सापडतो. दोघांनाही बरोबर समज.

तीन आठवडे राहिले आहेत, तर हालचाली आता बदलू नकोस. तुझं चित्र आहे तसं राहू दे. उद्या बापलेकीचा शेवटचा प्रसंग तेवढा घे. लाइट नको, संगीत नको, बाकीच्यांना सुट्टी दे. बापाला पिशवीचं काम दे, मुलीला सांग की सहा वाजून दहा मिनिटांची गाडी आहे आणि ती चुकली तर परत हिंमत होणार नाही. दोघांना खरं घड्याळ दे. आणि तू स्वतः मागच्या भिंतीपासून उठून त्यांच्यापासून चार हातांवर, जमिनीवर बस, तिच्या चेहऱ्यापेक्षा तिचे हात बघ. संपल्यावर ‘छान’ किंवा ‘कमी पडलं’ म्हणण्याआधी दोघांना विचार की मधे कुठे अडलं. बाप बहुतेक ‘मी का उठतोय’वरच येईल. या वेळी त्यालाच विचार, कधी उठावंसं वाटलं.

– तुझी ताई